ड्रमावरची डिग्री

माणसानं आपली डिग्री कुठं लिहावी, याला काही नियम नाही. लोक दारावरच्या पाटीवर लिहितात, लग्नपत्रिकेत लिहितात, आमचा एक सहकारी तर स्कूटरच्या मडगार्डवर लिहून हिंडायचा. मी पाण्याच्या ड्रमावर लिहिली. यात हसण्यासारखं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

त्याला कारण होतं. त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात आमच्या गंगोत्री सोसायटीच्या गेटाशी ड्रमांची रांग लागायची. सगळे ड्रम वाळूजच्या कंपन्यांतून आलेले, सगळे निळे, आणि भरल्यावर प्रत्येकाला दुसऱ्याचा ड्रम आपला वाटायचा. म्हणून मी पांढरा ऑइलपेंट आणला. नुसतं 'गव्हाणे' लिहून भागत नव्हतं, कारण चौथ्या ओळीत दुसरे गव्हाणे आहेत, आणि त्यांची नियत पाण्याच्या बाबतीत साफ नाही. म्हणून 'श्री. बिभीषण गव्हाणे' असं लिहिलं. लिहून झाल्यावर पुढं जागा उरली. 'रिकाम्या जागा भरा' हा प्रश्न मी जन्मभर पोरांना घातलेला. हात थांबेना. 'एम.ए., बी.एड.' लिहून मोकळा झालो. अक्षर सुबक आलं होतं, एवढं मात्र मी कुणापुढंही सांगेन.

आमची सोसायटी बीड बायपासच्या पलीकडं, देवळाईच्या अंगाला. शहर आमच्यापर्यंत आलं, नळ यायचा राहिला. त्यात कुणीतरी कसल्याशा लाईनसाठी आमची गल्ली खणली आणि खड्डा आम्हाला सांभाळायला देऊन निघून गेलं. टँकर आत घ्यायचा तर पार रस्त्यापासून उलटा आणावा लागे. एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला आमच्या चेअरमन तात्यासाहेबांच्या बंगलीची भिंत. आधीचे दोन ड्रायव्हर गल्ली बघूनच "नाय जमत" म्हणून परत गेले होते. आणायचा तो एकटा मुंजाबाच. कन्नडकडच्या एका वस्तीवरचा, अंगानं काडी, गळ्यात कायम इअरफोन. बाप मेंढरांमागं असायचा. पोरगा 'पीं पीं पीं' असा रिव्हर्सचा आवाज करत टँकर असा आत आणायचा की भिंतीचा चुनासुद्धा निघत नसे. आमचं सगळ्यांचं पिणं, धुणं, अंघोळ त्याच्या मनगटावर होतं.

हा मुंजाबा गाणी म्हणतो, हे मला माहीत नव्हतं.

एका दुपारी अपेक्षा, म्हणजे आमची कन्या, आपण होऊन माझ्याशेजारी येऊन बसली. ती कॉलेजात मास कम्युनिकेशन शिकते, घरात मात्र कुणाशी बोलत नाही. म्हणून मी जरा सावधच झालो.

"बाबा, तुम्हाला कवितेतलं कळतं ना? मग हे ऐका. हा रॅपर लई अंडररेटेड आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे भारी आहे, पण लोकांना माहीतच नाही."

मला वाटलं, ही व्याख्या मलाही लागू पडते. तिनं मोबाईल लावला. मी टीकाकारासारखे डोळे मिटून घेतले. मागं काहीतरी पीं पीं वाजत होतं आणि त्या ठेक्यावर एक पोरगा भराभर बोलत होता. मी हात वर केला.

"थांबव. काय म्हणाला तो? 'ड्रमावर डिग्री, ड्रमात नाय पाणी.' वा! ड्रम, डिग्री, ड्रम. अनुप्रास बघ. आणि वर डिग्री, आत ठणठणाट! एवढ्याशा ओळीत सबंध माणूस उभा केला. अगं, पोरात दम आहे! कोण गं तो बिचारा, ज्याच्यावर हे लिहिलंय?"

स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. आमच्या सौभाग्यवती, सत्यशीलाबाई, ओट्याला धरून हसत होत्या. अपेक्षानं पुढची ओळ सोडली.

"आमचे गव्हाणे सर बाई, लई मोठे ज्ञानी!"

मला आधी दुसऱ्या गव्हाण्यांचा संशय आला. पण ते बारावी नापास आहेत.

संध्याकाळपर्यंत गाणं सोसायटीभर झालं. गाणाऱ्याचं नाव 'एमसी मुंजाबा'; रॅपर लोक नावाआधी 'एमसी' लावतात म्हणे. आमचे चेअरमन तात्यासाहेब वैजापूरच्या तहसिलीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पहिला आक्षेप या नावावरच घेतला. "स्वतःच्या नावाआधी शिवी लावतो म्हणजे मनुष्य सरळ नाही," असं त्यांचं मत. गाण्यात त्यांचंही कडवं होतं.

'तात्यासाहेब चेअरमन, ठराव करती पास,
तहान लागली तरी लागे अनुमोदक खास.'

"मी फक्त सूचक मागतो," तात्यासाहेब तळमळून म्हणाले. "अनुमोदकाची अट उपविधीतच आहे. वस्तुस्थितीचा विपर्यास आहे हा, गव्हाणे सर!"

तळमजल्याच्या लक्ष्मीबाईंना मात्र गाणं पाठ झालं होतं. रांगेतला पहिला नंबर त्यांचा, तो कुणाच्या बापाला मिळायचा नाही. त्या येईल-जाईल त्याला थांबवून आपलं कडवं ऐकवत होत्या.

'लक्ष्मीमावशीचा नंबर पैला, कोंबडा मागं ऱ्हाय,
तिच्या हंड्याच्या आधी सूर्याला परवानगी नाय.'

"मास्तर, तुमचं बी ब्येस हाय की," त्या मला म्हणाल्या. "लगेच ध्यानात ऱ्हातं." हे सांत्वन होतं की काय होतं, याचा मी दोन दिवस विचार केला.

सगळ्यात जास्त चिडले होते शिवशंकर. हे विम्याचं काम करतात आणि चारोळ्या करतात, आणि कोणती गोष्ट जास्त लोकांच्या गळ्यात मारतात ते सांगणं कठीण आहे. ते म्हणाले, "याला काव्य म्हणणं हा मराठीचा अपमान आहे. यमक सोडलं तर आहे काय त्यात?" मी त्यांच्या संतापानं भारावलो. माझ्या अपमानाची कुणाला एवढी कळ यावी! मग अपेक्षानं सांगितलं की गाण्यात अख्खी सोसायटी आहे, दुसरे गव्हाणे आहेत, गेटावरचं लंगडं कुत्रं आहे. शिवशंकर तेवढे नाहीत.

तक्रार द्यायचं ठरलं. सूचक शिवशंकर, अनुमोदक मी. तात्यासाहेबांनी तीन प्रतींत अर्ज तयार केला, सोबत 'परिशिष्ट अ' म्हणून गाणं जोडलं. माझ्या अपमानाची सुवाच्य अक्षरात नक्कल करून त्यावर 'खरी प्रत' अशी सही मलाच करावी लागली.

टँकरच्या ऑफिसातला साहेब मोठा कामसू होता. "तक्रार कशाची? उशीर, गळती का उद्धट वर्तन?"

"काव्य," तात्यासाहेब म्हणाले.

"तसा रकाना नाही. उद्धट वर्तनात टाकू का?"

मी प्रामाणिकपणे सांगितलं, "बोलायला तो फार नम्र आहे हो. सर-सर करतो."

"मग गळतीत टाकतो."

तात्यासाहेबांनी चुकीच्या रकान्याला कडाडून विरोध केला. शेवटी साहेबांनी गाणं लावायला सांगितलं. ऑफिसातले सगळे पंख्याखाली गोळा झाले. ऐकता ऐकता एकाचा पाय ठेका धरायला लागला, तो मी डोळे वटारून थांबवला. साहेबांनी बराच विचार केला.

"हे बघा, गाणं चांगलं असेल तर तो कलाकार होतो. कलाकारावर आम्हाला काही करता येत नाही. गाणं भिकार असेल तर तो उद्धट. मग उद्याच्या उद्या त्याला टँकरवरून उतरवतो. भाषेच्या तज्ज्ञाचा लेखी अभिप्राय आणा."

"तज्ज्ञ म्हणजे कोण चालेल?"

"कुणीही. एखादा एम.ए., बी.एड. बघा."

तात्यासाहेबांनी माझ्याकडं बघितलं. साहेबांनी अर्जाकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि रुमाल तोंडाला लावून आत निघून गेले.

झाली पंचाईत! गाणं भिकार म्हणावं, तर पोराची नोकरी जाणार, आणि त्या गल्लीत टँकर उलटा आणणार कोण? माझे तीर्थरूप? गाणं चांगलं म्हणावं, तर सोसायटीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी, मी स्वतःच स्वतःला रिकामा ड्रम ठरवणार. बरं, खरं काय ते सांगावं, तर खरं काय तेच मला कळेना. पहिली ओळ माझ्या डोक्यातून जात नव्हती. दाढी करताना मी ती गुणगुणतोय, हे आरशात पाहून मला धक्काच बसला.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शिवशंकर म्हणाले, "भिकार लिहा. साहित्यिक जबाबदारी आहे आपली." लक्ष्मीबाई म्हणाल्या, "पोराच्या पोटावर पाय दिला तर बघा मास्तर, तुमचा ड्रम पार शेवटाला लावीन." दुसऱ्या गव्हाण्यांनी दोन्ही बाजूंचं थोडं थोडं लिहा असं सुचवलं, ते जन्मभर तेच करत आलेत. सत्यशीलाबाई म्हणाल्या, "अहो, काय लिहायचं ते लिहा, पण आधी सगळी भांडी भरून घ्या."

अपेक्षा माझ्याशी बोलायचीच बंद झाली. आधी तरी कुठं बोलत होती, पण आता ती ठरवून बोलत नव्हती, आणि तो फरक घरात राहणाऱ्यालाच कळतो. शेवटी एकदा फणकारली, "तुमच्यावर आहे म्हणून वाईट का? दुसऱ्या कुणावर असती तीच ओळ तर तुम्ही वर्गात शिकवली असती!" तिचं म्हणणं खरं आहे असं वाटून मला आणखीनच राग आला.

तात्यासाहेबांनी जाहीर चर्चा ठेवली. विषय: 'मुंजाबा यांच्या रचनेचे वाङ्मयीन मूल्य'. वेळ टँकर यायची, कारण आमच्या सोसायटीत कोरम टँकरलाच पुरा होतो. ऊन चांगलंच होतं. लोक आपापल्या ड्रमाला टेकून उभे. मी अध्यक्ष म्हणून एका पालथ्या बादलीवर. समोर माझाच ड्रम, आणि त्यावरची माझी डिग्री थेट माझ्या तोंडावर.

शिवशंकरांनी सुरुवात केली. कवितेत सौंदर्य हवं, चंद्र हवा, निदान एखादं पान तरी गळायला हवं, इथं तर नुसती प्लास्टिकची भांडी आहेत, असं ते म्हणाले. अपेक्षा उठली. ती चारचौघांत बोलू शकते हे मला तिथं कळलं. "त्याचं यमक बघू नका, श्वास बघा," ती म्हणाली. "रिव्हर्सच्या दोन पींच्या मधे जेवढी जागा असते, तेवढ्यात तो ओळ बसवतो. कुठं थांबायचं हे त्याला कळतं. इथल्या किती जणांना कळतं?" हे बोलताना तिनं शिवशंकरांकडं बघितलं. मला अभिमान वाटला, आणि तो आपण विरुद्ध बाजूचे असताना वाटावा का, हे काही समजेना.

तेवढ्यात रस्त्यावरून पीं पीं पीं. टँकर उलटा येऊ लागला. सबंध सभेची मान तिकडं वळली.

"पाणी नंतर!" तात्यासाहेब ओरडले. "आधी विषयपत्रिका!"

"मग विषयच पाजा पोरास्नी," लक्ष्मीबाई म्हणाल्या आणि पाईप धरायला पदर खोचला.

पण मुंजाबानं खाली उतरून पाईप सोडला नाही. तो सरळ माझ्यापुढं येऊन उभा राहिला. त्याला बातमी लागलेली दिसत होती. तोंड सुकलेलं.

"सर, वाईट वाटलं का तुम्हास्नी? आमच्याकडं ज्याच्यावर गाणं होत नाय ना, त्याला वस्तीवर कोण विचारत नाय. म्हणून घातलं मी तुम्हाला. ड्रम बघितला आन् लई आवडला मला."

शिवशंकरांनी मान खाली घातली.

"ह्याच्यावरनं काढलं तर परत मेंढरांमागं जावं लागंल," मुंजाबा म्हणाला. "यंदा मेंढरांनाबी पाणी नाय, सर. तुम्ही म्हणाल तर तुमचं कडवं काढून टाकतो. पण गाणं वाईट हाय असं लिहू नका. ते वाईट नाय."

त्याच्या आवाजात विनंती होती, पण शेवटचं वाक्य विनंतीचं नव्हतं. आपण केलेल्या कामाची खात्री असलेला माणूस बोलतो तसं तो बोलला. शाळेत शिकवत असताना मीही कविता करायचो. कुठं छापून आल्या नाहीत. असं एक वाक्य मला कधी कुणापुढं बोलता आलं नव्हतं. मला एकदम भरून आलं, आणि ते लपवायला म्हणून मी अध्यक्षीय भाषणाला उभा राहिलो.

मी ठरवलं होतं मोघम बोलायचं. पण उभं राहिलं की माझा मास्तर होतो, त्याला इलाज नाही.

"पहिली ओळ," मी म्हणालो, "निर्दोष आहे. 'ड्रमावर डिग्री, ड्रमात नाय पाणी.' यातला एक शब्द हलवता येणार नाही. मी प्रयत्न करून पाहिला."

अपेक्षानं टाळी वाजवली. शिवशंकर बादलीवर बसले.

"पण दुसरी ओळ!" माझा आवाज चढला. "'आमचे गव्हाणे सर बाई, लई मोठे ज्ञानी!' ही कोण बाई? कुठून आली? यमक जुळावं म्हणून ज्ञानी, जागा भरावी म्हणून लई मोठे! अरे, पहिल्या ओळीत माणसाला डोंगरावर नेलंस, आता ढकल की खाली! तिथं नेऊन चहा कसला पाजतोस? एखाद्याची थट्टा करायची तर नीट करावी! ही कामचुकारी आहे!"

मुंजाबाचा चेहरा उतरला. पण तो रागावला नव्हता, विचार करत होता.

"व्हय सर," तो हळूच म्हणाला. "मलाबी ती ओळ खुपत होती. मग काय पायजे होतं तिथं?"

सांगू नये, हे मला कळत होतं. देवाशप्पथ कळत होतं. पण समोर एक पोरगं अडलंय, विचारतंय, आणि उत्तर आपल्याला येतंय, अशा वेळी गप्प बसायची सवयच नाही. आणि उत्तर तर मला तीन दिवसांपासून येत होतं. दाढी करताना सुचलं होतं.

"'रिकाम्या ड्रमात घुमते सरांची वाणी,'" मी म्हणालो.

मुंजाबा टँकरच्या केबिनीत चढला, रिव्हर्स टाकला, पीं पीं सुरू झालं, आणि खिडकीतून अर्धा बाहेर येत त्यानं म्हटलं:

'ड्रमावर डिग्री, ड्रमात नाय पाणी,
रिकाम्या ड्रमात घुमते सरांची वाणी!'

काय गलका झाला म्हणता! लोकांनी ड्रम बडवायला घेतले, रिकामे होते म्हणून चांगले वाजले. लक्ष्मीबाईंना हसून ठसका लागला, आणि द्यायला कुणाकडं पाणी नव्हतं. दुसरे गव्हाणे तर माझाच ड्रम बडवत होते. सत्यशीलाबाईंनी कपाळाला हात लावला. "नाव बिभीषण ठेवलंय सासूबाईंनी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांची लंका मिळाली नाही, म्हणून स्वतःचीच जाळली."

तात्यासाहेबांनी हात वर करून निर्णय दिला. तक्रारदारानं स्वखुशीनं, सभेसमक्ष, स्वतःच्या मानहानीत भर घातलेली असल्यानं तक्रार निकाली काढण्यात येत आहे. सूचक लक्ष्मीबाई, अनुमोदक अख्खी गल्ली. मग पाईप सुटला.

गाणं नव्या ओळीनं परत निघालं आणि या वेळी पार सिल्लोडपर्यंत गेलं. मुंजाबा अंडररेटेड राहिला नाही. टँकर मात्र तो अजून चालवतो, कारण गल्ली अजून तशीच आहे. रिक्षावाले गाणं लावतात, भाजीवाली मला पाहून पहिली ओळ म्हणते आणि तिचा नवरा दुसरी. गुलमंडीवरच्या औषधाच्या दुकानात एकदा दोन पोरं ती म्हणत होती, तेव्हा मी न राहवून सांगितलं, "दुसरी ओळ माझी आहे." पोरांनी आदरानं माझ्याकडं बघितलं आणि दुकानदाराला म्हणाली, "चाचा को पहले गोली दो."

अपमान वाटावा की अभिमान, हा घोळ माझ्या डोक्यात आहे तसाच आहे. जन्मभर लिहिलेल्यातली एक ओळ गावाच्या तोंडी बसली, आणि तीही माझीच अब्रू काढणारी, आणि ती माझी आहे यावर गल्लीबाहेर कुणाचा विश्वास नाही. अशा वेळी माणसानं नक्की काय तोंड करायचं?

परवा शिवशंकर भेटले. "सर, एक सांगतो, राग मानू नका. त्या कडव्यातली दुसरी ओळ जरा कच्ची आहे."

माझं डोकंच फिरलं. "कच्ची? अहो, 'घुमते' या शब्दाची जागा बघा! रिकामेपणा ऐकू येतो तिथं! त्या पोरासारखा शब्द टाकणारा मराठवाड्यात दुसरा दाखवा!" भर चौकात आपलीच ओळ आपण कशी वाखाणायची, म्हणून मी अर्धा तास मुंजाबाच्या काव्यगुणांची बाजू लढवली. माणसं जमली. शिवशंकर घाम पुसत म्हणाले, "तुम्ही एवढे का चिडता? थट्टा तर तुमचीच आहे ना?"

ते मला लागलं. घरी आलो तो तडक थिनरची बाटली आणि फडकं घेऊन गेटाशी गेलो. म्हटलं, मुळावरच घाव घालावा. डिग्रीच पुसली की विषय संपला. घासायला सुरुवात केली. 'बी.एड.' गेलं. 'एम.ए.'तला 'ए' गेला. आणि माझा हात थांबला.

डिग्री गेली, तर पहिली ओळ खोटी पडणार होती. आणि पहिली ओळ खोटी पडली, की माझ्या ओळीला टेकायला जागा नाही.

मी घरात जाऊन पांढरा ऑइलपेंट आणला, ब्रश आणला, आणि ड्रमापुढं मांडी घालून बसलो. 'एम.ए., बी.एड.' पुन्हा काढलं. यावेळी अक्षर जरा मोठं घेतलं, लांबून वाचता यावं म्हणून.

लक्ष्मीबाई हंडा घेऊन मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या. "मास्तर, पुसायला आलता न्हवं?"

"चुकून पुसलं गेलं होतं," मी म्हणालो.

"आन् पाणी हाय का आत?"

मी उठून ड्रमात वाकून बघितलं.

"नाही," मी म्हणालो, आणि माझा आवाज आतून घुमून परत आला. "ओळ बरोबर आहे."